काशागानचा करार आणि कझाकस्तानची तेलवाढ

सोव्हिएत संघ फुटला तेव्हा कझाकस्तानकडे तेल होतं, पण ते बाहेर काढायची वाट रशियातून जात होती. 1979 मध्ये सापडलेल्या तेंगीझ क्षेत्रासाठी अमेरिकी कंपनीशी 1993 मध्ये करार झाला. काळ्या समुद्राकडे जाणारी मोठी पाइपलाइन सुरू व्हायला मात्र 2001 उजाडलं.

सरकार आणि परदेशी तेल कंपन्यांमधलं आजचं भांडण आहे ते कॅस्पियन समुद्रातल्या तेलाच्या 1997 च्या कराराचं. काशागान हे तेलक्षेत्र याच करारातलं. त्या वेळी तिजोरी रिकामी होती, पेन्शनी थकल्या होत्या. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, तसंच झालं. कंपन्यांनी आधी आपला खर्च तेलातून वसूल करायचा, उरलेल्यात सरकारचा वाटा. म्हणजे खर्च जितका फुगेल तितका सरकारचा पैसा लांबणार. (कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या वायूचा वाद आठवत असेल, तर हे ओळखीचं वाटेल.)

आणि खर्च फुगलाच. 2000 मध्ये सापडलेल्या काशागानवर समुद्र जेमतेम तीन-चार मीटर खोल, हिवाळ्यात गोठणारा. त्यामुळे दगड टाकून कृत्रिम बेटं उभारावी लागली. तेलासोबत येणाऱ्या वायूत विषारी हायड्रोजन सल्फाइडचं प्रमाण 15 टक्क्यांहून जास्त. 2005 चा मुहूर्त टळत टळत सप्टेंबर 2013 वर गेला. तेल आलं आणि दोन आठवड्यांत वायूची पाइपलाइन गळू लागली. सल्फाइडमुळे पोलादाला तडे गेले होते. सुमारे 200 किलोमीटर पाइप बदलून 2016 मध्ये काम पुन्हा सुरू झालं. तोवर सुमारे 50 अब्ज डॉलर ओतले गेले होते.

मधल्या काळात, 2008 मध्ये, सरकारने दटावून आपल्या सरकारी कंपनीचा काशागानमधला हिस्सा दुपटीने वाढवून 16.81 टक्क्यांवर नेला. एका अमेरिकी भागीदाराचा वाटा सुमारे 5 अब्ज डॉलरला भारताची सरकारी कंपनी घेणार होती. 2013 मध्ये कझाकस्तानने अग्रहक्क वापरला आणि वाटा चीनकडे गेला. करार देश विकणारा होता, ही टीका मला अतिरेकी वाटते. 1998 मध्ये तेल पिंपाला 10-12 डॉलरवर होतं, हे टीकाकार विसरतात. कराराचा मजकूर लोकांपासून दडवला, याला मात्र सबब नाही.

2000 ते 2007 दरम्यानची अर्थव्यवस्थेची वर्षाला सुमारे 10 टक्के वाढ काशागानची नव्हेच. ती तेंगीझची, चढ्या भावांची आणि बँकांनी परदेशातून उचलून बांधकामात घातलेल्या कर्जाची. तेलाची कमाई साठवायला 2000 मध्ये स्थापन केलेला राष्ट्रीय निधी होता म्हणून 2009 च्या संकटात त्यातून 10 अब्ज डॉलर काढता आले. तेलाचे भाव कोसळल्यावर 2015 मध्ये टेंगे हे चलन मोकळं सोडावं लागलं आणि वाढ एक टक्क्याच्या आसपास उतरली. जानेवारी 2022 मध्ये गाड्यांच्या गॅसचे दर दुप्पट होताच उद्रेक झाला, तो झानाओझेनमध्ये, म्हणजे तेलविहिरींच्याच गावात.

2023 मध्ये सरकार लवादाकडे गेलं. आधी 13 अब्ज डॉलरच्या खर्चावर आक्षेप होता, पुढे दावा 150 अब्जांपलीकडे गेला.