मार खाणाऱ्याने करायचं काय? फायटिंग गेममधल्या लढतीची पार्श्वभूमी

१९९१च्या ‘स्ट्रीट फायटर २’ ह्या व्हिडिओ गेममध्ये काही लढती झाल्या की मध्येच एक बोनस फेरी येते. समोर प्रतिस्पर्धी नसतो, एक गाडी उभी असते. वेळ संपायच्या आत लाथाबुक्क्यांनी तिचा चुराडा करायचा, एवढंच काम. खेळ तयार होत असताना तो बनवणाऱ्या कॅपकॉम कंपनीचे नोरिताका फुनामिझु ह्याच फेरीत चुका शोधत होते. त्यांच्या लक्षात आलं की एक ठोसा पुरता मागे यायच्या आत पुढचा फटका बसतोय. तसं व्हायला नको होतं. पण ते साधायला हात इतका नेमका पडावा लागत होता की सहसा कुणाला जमणारच नाही, असं धरून ते तसंच राहू दिलं. कॉम्बोचा, म्हणजे मध्ये सुटायला वाव न देता एकामागून एक बसणाऱ्या फटक्यांचा, जन्म असा नजरचुकीतून झाला.

ही गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते. मला तिच्यातली वेगळीच गंमत वाटते: कॉम्बो सापडला तो गाडीवर. गाडीला ब्लॉक करता येत नाही, उडी मारता येत नाही, चिडून उलटा ठोसा देता येत नाही. तोच कॉम्बो माणसावर आला आणि मार खाणारा काही सेकंदांपुरता गाडी होऊन बसला. त्यानंतरच्या तीसेक वर्षांत फायटिंग गेम बनवणाऱ्यांनी जे जे करून पाहिलं, त्यातलं बरंचसं ह्याच अडचणीभोवती फिरतं. ज्याला मार बसतोय, त्याने त्या वेळी करायचं काय?

आधी ही अडचण नव्हती. डेटा ईस्टच्या ‘कराटे चॅम्प’मध्ये (१९८४) एक नेमका फटका बसला की पंच डाव थांबवायचे, गुण द्यायचे आणि दोघं पुन्हा समोरासमोर उभे. बटण एकही नाही, प्रत्येकाला दोन जॉयस्टिक. मार खाणं क्षणाचं काम होतं. त्याच सुमाराला कोनामीच्या ‘यी आर कुंग-फू’मध्ये हेल्थ बार, म्हणजे उरलेली ताकद दाखवणारी पट्टी, आला, आणि फटका बसल्यावरही लढत चालू राहायला लागली. हा बदल दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. आता थोडं नुकसान सोसून मोठा डाव साधायचा का, असा हिशेब करता येऊ लागला. १९८७चा पहिला ‘स्ट्रीट फायटर’ आज खेळायला बसलं तर अंगावर येतो. त्यात हादोकेन (हातातून सोडलेला ऊर्जेचा गोळा) होता, शोर्युकेन (वर उसळून मारलेला ठोसा) होता, पण बोटं कितीही नीट फिरवली तरी चाल निघेलच ह्याची खात्री नाही. दुसऱ्या भागात कॅपकॉमने ह्या चालींसाठी सवलत दिली, जॉयस्टिक थोडी मागेपुढे झाली तरी खेळ समजून घेऊ लागला. ह्या सवलतीच्याच फटीतून साध्या ठोशाची हालचाल अर्ध्यावर तोडून हादोकेनसारखी खास चाल, म्हणजे स्पेशल मूव्ह, काढता येऊ लागली.

‘स्ट्रीट फायटर २’मधली माझ्या मते सगळ्यात हुशार गोष्ट कॉम्बो नव्हेच, ब्लॉक, म्हणजे फटका अडवणं, आहे. त्याला वेगळं बटण नाही. प्रतिस्पर्ध्यापासून लांब, मागच्या दिशेला जॉयस्टिक धरायची. म्हणजे स्वतःला वाचवायचं तर माघारही त्यातच आली. दहा वेळा वाचलात, तर दहा पावलं मागे सरकलात आणि कोपरा जवळ आला. कोपऱ्यात मागे जायला जागा नाही, बचाव तोच, पण वाटा निम्म्या झाल्या. शिवाय खालून आलेली लाथ उभ्याने अडत नाही, उडी मारून वरून आलेला फटका बसून अडत नाही, आणि नुसतं ब्लॉक धरून राहिलं तर समोरचा जवळ येऊन थ्रो करतो, म्हणजे धरून आपटतो. स्पेशल मूव्ह अडवली तरी चिमूटभर हेल्थ जातेच. म्हणजे ब्लॉक हा आसरा खरा, पण त्याचं भाडं भरावं लागतं. १९९२च्या ‘मॉर्टल कॉम्बॅट’ने ब्लॉकला स्वतंत्र बटण दिलं. त्याच्या रक्तपाताबद्दल भरभरून लिहिलं गेलं, पण खेळायला तो वेगळा लागतो तो ह्या बटणामुळे.

दोघांनीही रियू हे एकच पात्र निवडलंय, दोन रियू आमनेसामने, मध्ये अर्ध्या पडद्याचं अंतर, एवढं एकच चित्र डोळ्यांसमोर आणा. पहिला हादोकेन सोडतो. दुसऱ्याने तो अडवला तर थोडी हेल्थ गेली आणि पाऊल मागे. उडी मारून ओलांडला तर पहिल्याच्या डोक्यावर लाथ, तिच्यापाठोपाठ कॉम्बो. पण पहिल्याला ही उडी आधीच हेरता आली, तर तो हादोकेन सोडणारच नाही, थांबेल आणि वर आलेल्याला शोर्युकेनने पाडेल. दुसऱ्याला हेही ठाऊक आहे, म्हणून तो उडी मारत नाही, दोन पावलं चालत पुढे येतो. आता पहिला काय करणार? इथे चाली मोजून तीन-चार आहेत, पण ह्या अंतरावर माणसं वर्षानुवर्षं खेळत राहिली आहेत. जाणकार ह्याला फुटसीज म्हणतात. बाहेरून बघणाऱ्याला दोघं नुसते मागेपुढे डुलताना दिसतात.

हे सगळं उभं आहे ते वेळेच्या हिशेबावर. हे खेळ सेकंदाला ६० फ्रेमच्या गतीने चालतात, एक फ्रेम साधारण १७ मिलिसेकंदांची. प्रत्येक फटक्याचे तीन तुकडे असतात: तो निघायला लागणारा वेळ, प्रत्यक्ष लागण्याचा वेळ आणि हात-पाय मागे घ्यायचा वेळ. तिसऱ्या तुकड्यात तुम्ही उघडे असता. जलद ठोसा तीन-चार फ्रेममध्ये लागतो, डोळ्यांनी पाहून बोट हलायला मात्र पाव सेकंद, म्हणजे १५ फ्रेमच्या आसपास जातात. तेव्हा तो ठोसा ‘पाहून’ कुणीच अडवत नाही, आधीच अडवून बसावं लागतं. उडी अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ हवेत असते, ती मात्र पाहून पाडता येते. काय पाहून करायचं आणि काय अंदाजाने, ही सीमा जिथे नीट आखलेली असते तिथे खेळ मुरतो. सगळंच दिसण्याइतकं संथ असेल तर बचावच जिंकतो, आणि सगळंच न दिसण्याइतकं जलद असेल तर नाणेफेक उरते.

ह्याच हिशेबातली एक छोटी करामत म्हणजे हिटस्टॉप. फटका बसला की दोघंही काही फ्रेम गोठतात. ठोशाला वजन येतं ते त्याने, आवाजाने किंवा चित्राने तितकं येत नाही. शिवाय त्या गोठलेल्या क्षणात मारणाऱ्याला कळतं की फटका लागला की अडला, आणि पुढची चाल द्यायची का आवरायची हे ठरवता येतं. बटणं बडवणारा आणि खेळणारा ह्यांच्यातला फरक ह्या इवल्या थांब्यात दिसतो.

कॉम्बो एकदा लोकांच्या हाती लागल्यावर मात्र तोल बिघडायला लागला. १९९३च्या ‘सुपर स्ट्रीट फायटर २’ने फटके मोजून पडद्यावर आकडा दाखवायला सुरुवात केली, म्हणजे चूक आता अधिकृत झाली. मग प्रत्येक कंपनीचा आकडा आदल्याहून मोठा. त्यावरचे उतारेही त्याच काळात निघू लागले. त्याच खेळाच्या ‘सुपर टर्बो’ ह्या आवृत्तीने (१९९४) थ्रो बसताना वेळेवर बटण दाबणाऱ्याला नुकसान कमी करून घेण्याची सोय दिली. त्याच वर्षी ‘किलर इन्स्टिंक्ट’मध्ये मार खाता खाता योग्य क्षणी उलट चाल दिली की समोरच्याचा कॉम्बो तुटायचा आणि निवेदक ‘कॉम्बो ब्रेकर’ म्हणून ओरडायचा. हळूहळू कॉम्बो जसा लांबेल तसा पुढच्या प्रत्येक फटक्याचं नुकसान घटवत न्यायची रीतही रूढ झाली. एसएनके ह्या कंपनीने वेगळा रस्ता धरला. ‘समुराई शोडाउन’मध्ये (१९९३) तलवारीचा एक जड वार हेल्थचा मोठा लचका तोडतो, कॉम्बोची गरजच उरत नाही. १९९७च्या ‘बुशिडो ब्लेड’ने तर हेल्थ बारच काढून टाकला, वर्मी एक घाव बसला की संपलं. तो मला फार आवडतो, पण त्याची वाट फारसं कुणी धरली नाही.

सेगाचा ‘व्हर्च्युआ फायटर’ (१९९३) त्रिमितीत आला, आणि यू सुझुकी ह्यांच्या चमूने बटणं ठेवली फक्त तीन: ठोसा, लाथ, बचाव. त्यात बसून राहणाऱ्यावरून उंच फटका निघून जातो, थ्रोही लागत नाही, पण मधल्या उंचीचा फटका त्याला बसतोच. उभ्याला तो मधला फटका अडवता येतो, पण थ्रो लागतो. दगड-कागद-कात्रीसारखाच खेळ, फक्त प्रत्येक हाताचं मोल वेगळं. ‘टेकन ३’ (१९९७) आणि ‘सोलकॅलिबर’ने (१९९८) त्यात बाजूला सरकण्याची भर घातली, ती कशी मुरत गेली ते सांगायला वेगळा लेख लागेल.

मार खाणाऱ्याने करायचं काय, ह्या प्रश्नाला १९९७च्या ‘स्ट्रीट फायटर ३’ने दिलेलं उत्तर मला सगळ्यात धीट वाटतं. फटका लागायच्या नेमक्या क्षणी जॉयस्टिक मागे नव्हे, पुढे टेकवायची. जमलं तर नुकसान शून्य आणि उलट मारायची संधी तुमची. ही पॅरी. बचाव म्हणजे माघार हा नियम तिने उलटा केला. चुकलं तर ब्लॉकही नाही, फटका थेट अंगावर. त्याच खेळाच्या ‘थर्ड स्ट्राइक’ ह्या आवृत्तीमध्ये (१९९९) दोन बोनस फेऱ्या आहेत. एकीत तीच जुनी हौस, गाडी फोडायची. दुसरीत शॉन नावाचं पात्र बास्केटबॉल फेकत राहतं आणि तुम्ही एकामागून एक पॅरी करत राहायचं. मारायचा सराव आणि मार चुकवायचा सराव, दोन्ही एकाच खेळात शेजारी शेजारी.

२००४च्या एव्हो ह्या फायटिंग गेमच्या स्पर्धेत कॅलिफोर्नियात त्याचं टोक गाठलं गेलं. डाइगो उमेहारा केन हे पात्र घेऊन खेळत होता, जस्टिन वाँग चुन-ली. केनची हेल्थ इतकी संपलेली की ब्लॉक केलेली एक स्पेशल मूव्हही पुरली असती. वाँगने सुपर, म्हणजे साठा भरल्यावरच काढता येणारी मोठी चाल, सोडली: लाथांची सरबत्ती. उमेहाराने १५ लाथा पॅरी केल्या, शेवटची उडी मारून हवेत, आणि उतरताच कॉम्बो देऊन फेरी जिंकली. ह्या लढतीच्या चित्रफितीत लाथा दिसतात त्याहून महत्त्वाचं आहे ते त्यांच्या आधीचं. पहिली पॅरी डोळ्यांनी पाहून जमण्यासारखी नाही, सुपर येणार हे आधीच ताडावं लागतं. वाँग ती सोडणार आणि ह्याच क्षणी सोडणार, हे उमेहाराने वाचलं होतं. त्या वर्षीचा अंतिम सामना तो हरला हे मात्र फारसं कुणाच्या लक्षात राहिलेलं नाही.

इतरांनी उत्तरं शोधली ती आपापल्या स्वभावाप्रमाणे. ‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेली’मध्ये (२००१) फटका खाऊन उडणारा खेळाडू स्टिक वळवून आपण कुठल्या दिशेला फेकले जाणार हे बदलू शकतो, म्हणजे मार खातानाही सुकाणू हातात. ‘गिल्टी गिअर एक्सएक्स’ने (२००२) बर्स्ट दिला: ठरावीक साठा भरलेला असेल तर कॉम्बोच्या मध्येच समोरच्याला उडवून लावायचं. पण तो कधी वापरणार हे समोरच्यालाही वाचता येतं. तो मुद्दाम थांबतो, बर्स्ट हवेत वाया जातो, आणि पुन्हा मार सुरू. २०१२च्या ‘स्कलगर्ल्स’ने तर कॉम्बो गोल गोल फिरायला लागला की ओळखायची यंत्रणाच बसवली. खेळ चक्र हेरतो आणि मार खाणाऱ्याला कुठलंही बटण दाबून सुटायची मुभा देतो. उलट टोकाला ‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम २’ (२०००). त्यात ५६ पात्रं आहेत आणि वरच्या पातळीवर पुन्हा पुन्हा दिसतात ती मॅग्नेटो, स्टॉर्म, सेंटिनेल आणि केबल. एकदा सापडलात की हात जोडून बघत बसायचं. तरीही त्या खेळावर जीव टाकणारी माणसं आहेत, कारण सापडू नये म्हणून केलेली धडपडच तिथे खरा खेळ आहे. पात्रांची यादी लांबवून हे घडत नाही, एवढं मात्र त्या ५६ जणांकडे पाहून कळतं.

इंटरनेटवर खेळणं सुरू झालं तेव्हा आधी मोडला तो बचाव. दोघांची बटणं एकमेकांपर्यंत पोहोचेस्तोवर खेळ थांबवून ठेवायची जुनी पद्धत. त्यात पाच-सहा फ्रेम जास्तीच्या गेल्या की पाहून पाडता येणारी उडी पाडता येईनाशी होते. हल्ला करणाऱ्याचं तितकं बिघडत नाही, त्याचं बरंचसं काम आधीच ठरलेलं असतं. एव्होच्या संस्थापकांपैकी टोनी कॅनन ह्यांनी २००६च्या सुमारास जीजीपीओ नावाची रोलबॅक यंत्रणा तयार केली. तिच्यात खेळ थांबत नाही. समोरच्याने मघाचंच बटण धरून ठेवलं असेल असं मानून पुढे जातो, आणि अंदाज चुकला तर मागे जाऊन त्या फ्रेमपासून सगळं पुन्हा मांडतो. मोठ्या कंपन्यांना हे गळी उतरायला बरीच वर्षं लागली.

२०२३च्या ‘स्ट्रीट फायटर ६’मध्ये ब्लॉकचं ते जुनं भाडं उघड मोजून घेतलं जातं. फेरीच्या सुरुवातीला प्रत्येकाकडे ड्राइव्हचे सहा कप्पे भरलेले. त्यांतून हल्ल्याच्या चाली खरेदी करता येतात, आणि नुसतं ब्लॉक करत राहिलं तरी ते रिकामे होत जातात. तळ लागला की बर्नआउट: अडवलेली स्पेशल मूव्ह पुन्हा हेल्थ कुरतडू लागते. कप्पे भरून काढायला पॅरी आहे, तीही आता बटण धरून करायची, अचूक क्षणाचा हट्ट नाही. नवशिक्याला हे वरदान वाटतं आणि तो पॅरी धरून बसून राहतो. समोरचा दोन पावलं चालत पुढे येतो आणि थ्रो करतो, त्याचं नुकसान नेहमीच्या थ्रोपेक्षा जास्त.