ताटातलं कमी केलं की पोटाला लगेच कळतं

वजन उतरवायला निघालेल्या माणसाला एक सल्ला हमखास मिळतो: रोजच्या पाचशे कॅलरी खाण्यातून कमी करा, नाहीतर व्यायामानं जाळा, गोळाबेरीज एकच. वहीत ती एकच असेल. पोटाला हा हिशोब मान्य नाही.

इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठात हे तपासून पाहिलं गेलं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात बारा निरोगी तरुण होते. एका दिवशी त्यांना ट्रेडमिलवर दीड तास दमछाक होईल अशा वेगानं पळवलं. दुसऱ्या एका दिवशी पळणं नाही, पण तितक्याच, म्हणजे साधारण साडेअकराशे कॅलरी जेवणातून कापल्या. तिसरा दिवस तुलनेसाठी नेहमीसारखा. प्रत्येक वेळी शेवटी भरपूर जेवण मांडून ‘हवं तेवढं घ्या’ म्हणून सांगितलं. जेवण कापलेल्या दिवशी मंडळींनी ताव मारला. पळालेल्या दिवशी मात्र ते नेहमीइतकंच जेवले, जणू साडेअकराशे कॅलरी खर्च झाल्याची खबर पोटापर्यंत पोचलीच नव्हती. पुढे स्त्रियांवर असाच प्रयोग झाला, निष्कर्ष तोच निघाला.

याचं कारण रक्तात सापडतं. जठरातून घ्रेलिन नावाचं संप्रेरक स्रवतं, ते भूक वाढवतं. जेवणानंतर आतड्यातून पीवायवाय नावाचं दुसरं संप्रेरक येतं, ते ‘पुरे’ म्हणतं. ताटातलं कमी केलं की पहिलं वाढतं आणि दुसरं घटतं, तेही काही तासांत. जोरदार व्यायामाच्या वेळी नेमकं उलट होतं, घ्रेलिन काही काळ खाली जातं. म्हणून पळून आल्या आल्या पोळीभाजी नकोशी वाटते. २०२२ साली या यादीत आणखी एका रेणूची भर पडली. व्यायामात तयार होणारं लॅक्टेट आणि फेनिलअलानिन हे अमिनो आम्ल जोडून शरीर लॅक-फे नावाचं संयुग बनवतं. ते टोचल्यावर लठ्ठ उंदरांचं खाणं कमी झालं. माणसाच्या आणि शर्यतीच्या घोड्याच्या रक्तातही ते धावल्यानंतर वाढलेलं दिसलं. उंदरांवरचा प्रयोग माणसाला जसाच्या तसा लागू होतो असं मात्र कुणी समजू नये. तशा बातम्या छापल्या जातात खऱ्या.

काटछाट आठवडेच्या आठवडे चालली तर काय होतं, हे अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये दिसलं. शरीरक्रियाशास्त्रज्ञ अॅन्सेल कीज यांनी ३६ तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेले हे स्वयंसेवक होते. दिवसाला साधारण १५७० कॅलरी, त्यात बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी, आणि वर आठवड्याला २२ मैल चालणं. आज डाएटच्या तक्त्यात १५०० कॅलरी लिहून देतात तेव्हा कुणाला ती उपासमार वाटत नाही. त्या तरुणांचं वजन सुमारे पाव भागानं उतरलं, पण खरी गंमत त्यांच्या डोक्यात घडत होती. ज्यांना स्वयंपाकघराशी देणंघेणं नव्हतं ते पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. ताटली चाटून साफ व्हायची. तोच तो बेचव बटाटा त्यांना पक्वान्न वाटू लागला होता. जेवण पुन्हा वाढवल्यावरही कित्येकांची भूक महिनोन् महिने शमली नाही.

या चवीच्या खेळात नाकाचा वाटा मोठा आहे. आपण जिला चव म्हणतो त्यातला बराचसा भाग वास असतो: घास चावताना सुटलेला वास घशाच्या मागून नाकात चढतो. सर्दीत वरण बेचव लागतं ते म्हणूनच. मेंदूतल्या गंधकंदावर, म्हणजे वासाचे संदेश घेणाऱ्या भागावर, घ्रेलिन आणि लेप्टिन (चरबीतून येणारं, भूक आवरणारं संप्रेरक) या दोघांना ओळखून पकडणारे ग्राही रेणू असतात. घ्रेलिन दिल्यावर माणसं वास अधिक खोलवर हुंगतात, असंही प्रयोगात दिसलं आहे. म्हणजे उपाशी माणसाला शेजारच्या घरातली फोडणी जरा जास्तच खुणावते, त्यात मनाच्या दुबळेपणाचा प्रश्न नाही.

आणि आवडीचं काय? फ्रेंच शास्त्रज्ञ मिशेल काबानाक यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला एक साधी गोष्ट दाखवली. उपाशीपोटी साखरेचं पाणी मस्त लागतं. ग्लुकोज पाजून थोड्या वेळानं तेच पाणी दिलं की नकोसं वाटतं. पण डाएटनं वजन उतरवलेल्या माणसांत हा नकोसेपणा येईनासा झाला. पोटात साखर गेली तरी गोड गोडच लागत राहिलं. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ म्हणून आपण ज्याची चेष्टा करतो, त्याच्या बाजूनं हा भक्कम पुरावा आहे. मेलबर्नमध्ये ५० जाड व्यक्तींना दहा आठवडे अतिशय कमी खायला दिलं, तेव्हा वर्षानंतरही त्यांची भुकेची संप्रेरकं पूर्वपदावर आलेली नव्हती.

मग फक्त व्यायाम करावा का? तर त्यानं एकट्यानं वजन फारसं उतरत नाही. दीड तास पळणं किती जणांना झेपणार? शिवाय काही आठवड्यांनी व्यायाम करणाऱ्यांचीही सकाळची भूक वाढते. फरक असा की तेवढ्याच नाश्त्यानं त्यांचं पोट अधिक भरतं. नियमित व्यायाम करणाऱ्यांना जेवणाआधी जास्त कॅलरीचं पेय दिलं तर ते जेवताना आपोआप हात आखडता घेतात. बैठ्या लोकांना हा फरक कळत नाही.

याची जुनी नोंद आपल्याच देशातली आहे. १९५६ साली आहारशास्त्रज्ञ जाँ मेयर आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमधल्या एका ताग गिरणीतल्या २१३ जणांचा आहार मोजला. अंगमेहनत जितकी जास्त तितकं खाणं जास्त, हे अपेक्षितच होतं. पण बसून काम करणारे कारकून आणि दुकानदार हलकं काम करणाऱ्यांपेक्षा जास्त खात होते, आणि वजनानंही तेच भारी होते. त्यांच्या खिशात थोडे जास्त पैसे असतील, हे कारणही नाकारता येत नाही.