स्टोरेज ड्रायव्हरमधली क्लॉक लिमिट बदलायचीय? लिनक्स कर्नलला पॅच पाठवायची प्रोसेस, पात्रता, कागदपत्रं

आयटी पार्ककडची पोरं भेटली की हेच विचारतात, दादा डिग्री लागते का, फी किती, काहून एवढं अवघड ठेवलंय. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, पॅच म्हणजे त्याच्या कोडमध्ये सुचवलेला बदल. फी नाही, डिग्री कोणी विचारत नाही, वयाची अट नाही. आपल्या नागपुरातून घरी बसून होतं.

पण आधी बघा की अर्ज करायची गरज तरी आहे का. एसडी कार्ड किंवा ईएमएमसी (बोर्डावरच बसवलेली स्टोरेज चिप) चालवणाऱ्या होस्ट ड्रायव्हरमध्ये दोन आकडे असतात, एफ-मिन आणि एफ-मॅक्स, म्हणजे क्लॉकच्या वेगाची खालची आणि वरची लिमिट. कार्ड ओळखताना क्लॉक ४०० किलोहर्ट्झच्या वर नेता येत नाही, कर्नल ४०० ने सुरू करतो, कार्ड बोललं नाही तर ३००, २००, १०० असं उतरतो, आता तुम्ही एफ-मिनच ४०० च्या वर लिहून ठेवला तर कार्ड दिसलं तर नशीब. वरच्या बाजूला साधं कार्ड २५ मेगाहर्ट्झ, हाय स्पीड ५०, एसडीआर-१०४ मोडला २०८, ईएमएमसीच्या एचएस-२०० मोडला २००.

मी पहिल्यांदा इथंच आपटलो. माझ्या बोर्डावर सीआरसी एरर (डेटा वाटेत बिघडल्याच्या एरर) येत होत्या म्हणून सरळ ड्रायव्हरमध्ये ५० ची लिमिट टाकली आणि पॅच परत आला, कारण वायरिंग माझ्या बोर्डाची खराब आणि शिक्षा त्या चिपच्या सगळ्या बोर्डांना. फक्त तुमच्या बोर्डाची अडचण असेल तर डिव्हाइस ट्रीत (बोर्डाच्या हार्डवेअरचं वर्णन असलेल्या फाइलमध्ये) मॅक्स-फ्रिक्वेन्सी लिहा. कार्ड चालवणारा चिपमधला कंट्रोलरच वर जात नसेल तरच ड्रायव्हरला हात लावा, आणि हाव, डिव्हाइस ट्री वाचून झाल्यावर एफ-मॅक्स लिहू नका, तिथला आकडा पुसला जातो.

कागदपत्रं म्हणाल तर मेन एकच, साइन्ड-ऑफ-बायची ओळ. सेतूमध्ये स्वयंघोषणापत्र देतो ना, तसंच, की हा कोड मी लिहिलाय किंवा तो द्यायचा मला हक्क आहे. निनावी चालत नाही. नोकरीत लिहिलेला कोड कंपनीचा असू शकतो, मॅनेजरला आधी विचारून घ्या. जुनी चूक सुधारत असाल तर फिक्सेस टॅग, त्यात जुन्या कमिटच्या (चूक आणलेल्या, नोंदवलेल्या बदलाच्या) आयडीची पहिली १२ अक्षरं.

कमिट मेसेजमध्ये कोणती चिप, किती क्लॉकला फेल, किती मागितला आणि खरा किती मिळाला ते लिहा, डीबगएफएस, म्हणजे कर्नलची आतली माहिती दाखवणारं फोल्डर, त्यातल्या आयओएस फाइलमध्ये दोन्ही दिसतात. टेस्ट मे महिन्यात दुपारी कूलर बंद करूनही एकदा घ्या, चिप तापली की टायमिंग सरकतं.

मग पॅचची मांडणी तपासणारी चेकपॅच स्क्रिप्ट चालवा, गेट-मेंटेनर स्क्रिप्ट तो कोड सांभाळणाऱ्यांचे ईमेल पत्ते देते, गिट सेंड-ईमेलने साध्या टेक्स्टमध्ये पाठवा, अटॅचमेंट नको. मर्ज विंडोच्या (नवे बदल मुख्य कर्नलमध्ये घ्यायच्या काळाच्या) २ आठवड्यांत उत्तराची वाट बघू नका, एरवीही निदान आठवडाभर थांबून मगच आठवण करा. त्रुटी निघाल्या तर व्ही-२, म्हणजे सुधारलेला पॅच पाठवायचा, काय बदललं ते कमिट मेसेजनंतरच्या तीन डॅशच्या खाली लिहायचं, वर लिहिलं तर ते कमिटमध्ये कायमचं जाऊन बसतं.