तेलघाणी काढताय? धंदा कोणाच्या नावाने, ते आधी ठरवा

गावात तेलघाणी किंवा डाळ मिल काढताना मशीन आणि थ्री-फेज मीटर आधी येतं, धंदा कोणाच्या नावाने हा विचार शेवटी. तो सगळ्यात आधी करा, कारण पुढचे सगळे कागद पॅनवर उभे असतात. जीएसटी क्रमांकाच्या पोटातच पॅन असतो. आज स्वतःच्या नावाने सुरू केलं आणि वर्षभराने भावाला भागीदार घेतलं, की फर्मचं नवं पॅन, नवा जीएसटी, उद्यम (लघुउद्योग) नोंदणी, अन्न परवाना, बँक खातं, सारं पुन्हा.

पैसा आणि कारभार एकट्याचा असेल तर प्रोप्रायटरी पुरते. लागतं स्वतःचं आधार-पॅन, उद्यम नोंदणी (ती मोफत आहे, फी मागणाऱ्या वेबसाइटवर भरू नका) आणि कामगार वीसपेक्षा कमी असतील तर शॉप अॅक्टची फक्त ऑनलाइन सूचना. मालाची उलाढाल 40 लाखांपर्यंत असली तर जीएसटी सक्तीचा नाही. पण जवसाच्या तेलाचे डबे वरूडहून पांढुर्ण्याला विकले तर राज्य बदललं, नोंदणी पहिल्या डब्यापासून लागते. धोका एकच, पण मोठा: धंद्याची देणी थकली की ती घरादारावर, शेतावर येतात.

भावाभावांत किंवा मित्रांत भागीदारी फर्म चालते, मात्र तोंडी नको. भागीदारीपत्रात भांडवल, नफ्याचा वाटा, बँकेत सही कोणाची आणि राबणाऱ्या भागीदाराचा पगार लिहा. पत्रात नसलेला पगार आयकरात खर्च धरत नाहीत. भांडवलावरचं व्याजही 12 टक्क्यांपर्यंतच धरतात. मग नागपूरच्या फर्म निबंधकांकडे नोंदणी करा. ती केली नसेल आणि व्यापाऱ्याने उधारी बुडवली, तर फर्मला वसुलीचा दावाच लावता येत नाही. आणखी एक गोष्ट फार जण विसरतात: भागीदार दोनच असले आणि एक गेला, तर पत्रात काहीही लिहिलेलं असो, फर्म संपते. म्हणून तिसरा भागीदार घ्या, मग तो घरातलाच का असेना.

एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा प्रायव्हेट लिमिटेड कंपनीमध्ये जबाबदारी गुंतवलेल्या रकमेपुरती असते, पण बँक कर्ज देताना बहुतेकदा वैयक्तिक हमी घेतेच. दोन्हींना किमान दोन माणसं लागतात. एलएलपीचा करारनामा नोंदणीपासून 30 दिवसांत दाखल करायचा, वार्षिक विवरणाचा फॉर्म 11 दरवर्षी 30 मेपर्यंत, हिशेबाचा फॉर्म 8 ऑक्टोबरच्या 30 तारखेपर्यंत. ऑडिट उलाढाल 40 लाखांवर किंवा भांडवल 25 लाखांवर गेलं तरच. कंपनीला मात्र एक रुपयाचा धंदा नसला तरी दरवर्षी ऑडिट. कंपनीची वार्षिक विवरणं वेळेत गेली नाहीत तर प्रत्येक फॉर्ममागे रोज 100 रुपये जादा फी. नावापुढे 'प्रा. लि.' दिसावं एवढ्यासाठी हे अंगावर घेऊ नका.

शेतकरी मिळून माल एकत्र करणार असाल तर उत्पादक कंपनी: किमान 10 शेतकरी, 5 संचालक, आणि शेअर कितीही असोत, मत एकच.

अर्ज अडकतो तो पत्त्यावर. कंपनी किंवा एलएलपीला दोन महिन्यांच्या आतलं वीजबिल आणि जागामालकाचं ना-हरकत पत्र लागतं. इथे शेड बापाच्या गटात आणि मीटर वारलेल्या आजोबांच्या नावावर असतं. आधी तलाठ्याकडे वारस नोंद, ग्रामपंचायतीत नमुना आठवर नाव, मग मीटरवरचं नाव बदला. पॅन आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतं का, तेही त्याच फेरीत तपासा.