टायर बसला, पण चालेल का?

अँबॅसिडरचं उत्पादन २०१४ साली थांबलं. तरी मराठवाड्यात कुठल्या तरी वाड्याच्या पडवीत नाहीतर आखाड्यावरच्या पत्र्याखाली ती अजून दिसते. तशीच पद्मिनी, तशीच जुनी जीप. इंजिनाला हात लावणारा म्हातारा मिस्त्री शोधला तर मिळतो. गाडी अडते टायरपाशी. अँबॅसिडरच्या जुन्या टायरवर ५.९०-१५ असं छापलेलं असतं आणि दुकानदार विचारतो, "एकशे पंच्याहत्तर-ऐंशी देऊ का?"

दोन्ही आकड्यांचा हिशेब वेगवेगळ्या काळातला आहे. ५.९० म्हणजे हवा भरलेल्या टायरची रुंदी, इंचांत. १५ म्हणजे डिस्कचा, म्हणजे टायर ज्यावर बसतो त्या धातूच्या चाकाचा, व्यास, तोही इंचांत. टायरची उंची, म्हणजे डिस्कच्या कडेपासून नक्षीपर्यंतचं अंतर, यात कुठेच लिहिलेली नाही. लिहायची गरज नव्हती, कारण त्या काळातल्या अशा टायरची उंची रुंदीच्या जवळपास ९५ टक्के असे. पुढे टायर बुटके होत गेले आणि उंची वेगळी छापावी लागली. १७५/८० आर १५ मध्ये १७५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये आहे, ८० म्हणजे उंची रुंदीच्या ८० टक्के, आणि डिस्कचा व्यास मात्र अजूनही इंचांतच. मिलिमीटर, टक्के आणि इंच एकाच ओळीत! जगभर हेच चालतं, आणि ते बदलायचे प्रयत्न झाले तरी टिकले नाहीत.

आता आकडेमोड करू. ५.९० इंच म्हणजे सुमारे १५० मिमी. त्याचे ९५ टक्के १४२. वरची आणि खालची बाजू मिळून २८५, त्यात डिस्कचे ३८१ मिळवले की टायरचा व्यास सुमारे ६६६ मिमी येतो. १७५/८० चा येतो ६६१. फरक एक टक्क्याच्याही आत, म्हणजे दुकानदाराचं म्हणणं रास्त आहे. पण "तो नाही, सत्तर आहे, तोच घ्या" असं तो म्हणाला तर थांबा. १७५/७० आर १५ चा व्यास ६२६ मिमीच भरतो. गाडी २० मिमी खाली बसते, गावातल्या गतिरोधकाला पोट घासायची शक्यता वाढते, आणि खरा वेग ६० असताना काटा ६४ दाखवतो. त्याच वेगाला इंजिनही जास्त फिरतं. शिवाय १७५ चा टायर जुन्यापेक्षा २५ मिमी रुंद असल्यामुळे डिस्कची रुंदी त्याला पुरते का, हे डिस्कवर ठोकलेल्या आकड्यावरून आधी पाहावं लागतं. स्टेअरिंग पूर्ण वळवून टायर कुठे घासत नाही ना, हेही बघून घ्यावं.

५.९० आणि १५ यांच्या मधली ती आडवी रेघही अर्थाची आहे. रेघ असेल तर टायर क्रॉस-प्लाय: आतल्या धाग्यांचे थर तिरपे, एकमेकांना छेदून गेलेले. टायर दबला की हे थर एकमेकांवर घासतात आणि तापतात. मे महिन्यात नांदेड-परभणीकडे पारा ४२ च्या वर असताना हवा कमी ठेवून अशी गाडी दामटणं म्हणजे टायर फोडायला काढणं. 'आर' म्हणजे रेडियल. त्यात धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जातात आणि नक्षीखाली पोलादी तारांचा पट्टा असतो. रेडियल वळणावर रस्ता जास्त घट्ट धरतो. म्हणून एका आसावर दोन्ही प्रकार कधीच मिसळायचे नाहीत, आणि दोनच रेडियल मिळाले तर ते मागे लावायचे. पुढे रेडियल नि मागे क्रॉस-प्लाय असेल तर वळणावर मागची बाजू आधी सुटते आणि गाडी गर्रकन फिरते.

जीपवाल्यांची अडचण वेगळी, आणि ती खास आपल्या भागातली. जुन्या जीपचा टायर ६.००-१६. कित्येक ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचा आकारही ६.००-१६ च. मोंढ्याजवळच्या कुठल्याही दुकानात तो मिळतो, डिस्कवर चपखल बसतो, आणि मजबूतही दिसतो: तीन जाड पट्ट्यांची नक्षी, बाजूला ८ पीआर. पीआर हा आकडा एकेकाळी सुती थर मोजायचा. आता तो फक्त ताकदीची प्रत सांगतो. पाहायचं ते वेगाचं अक्षर. ट्रॅक्टरच्या टायरवर ते ए६ किंवा ए८ असतं, म्हणजे ताशी ३० किंवा ४० किलोमीटर. त्या पट्ट्या नांगरटीच्या मऊ मातीत चाक सरळ धरायला केलेल्या आहेत, ओल्या डांबरावर ब्रेक मारायला नाही. उसाच्या टायरगाडीचंही तसंच: ओझं भरपूर, वेग बैलाचा. कारच्या टायरवर '९० एस' असं काही असतं. ९० म्हणजे एका टायरवर ६०० किलो, एस म्हणजे ताशी १८० पर्यंत. आकार जुळला तरी ही जोडी तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आणि तारीख. 'डीओटी' या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. ३५१९ म्हणजे २०१९ चा पस्तिसावा आठवडा. तीनच आकडे दिसले तर तो टायर २००० सालाच्या आधीचा. पुष्कळदा हे आकडे एकाच बाजूला असतात, तेव्हा दिसले नाहीत तर गाडीखाली वाकून आतली बाजू पाहा. उभ्या गाडीचे टायर फिरत्या गाडीपेक्षा लवकर भेगाळतात, त्याचं कारण रसायनात आहे. हवेतला ओझोन रबर चिरतो. त्याला अडवायला रबरात मेण घातलेलं असतं, आणि टायर चालताना दबत-सुटत राहतो तसं ते पृष्ठभागावर येत राहतं. गाडी जागची हलली नाही की हा लेप नवा होत नाही. नक्षी कोरी करकरीत आणि बाजूला बारीक भेगांचं जाळं, असा टायर गोटा झालेल्याइतकाच बाद समजावा.

स्टेपनीची तारीख तर कुणी पाहतच नाही. चार रेडियल नवे घेतले आणि डिकीत जुनी क्रॉस-प्लायच राहिली, तर पंक्चर झाल्याबरोबर एका आसावर दोन जातींचे टायर येतात. म्हणून घ्यायचे तर पाच घ्या. जुन्या डिस्कसाठी बनलेली ट्यूबही टायरच्याच मापाची, नवी, आणि रेडियल घेतले असतील तर रेडियलला चालणारी मागून घ्या.