कटिंग कशात लावायची? शेणाच्या लेपापासून कोकोपीटपर्यंत

कटिंगला मुळं फुटेपर्यंत खायला काही लागत नाही, ओल लागते आणि हवा लागते, बस्स. पण आपण फांदी लावायची म्हटलं की आधी शेणखत शोधतो. मीपण तेच केलेलं. गुलाबाच्या दहा काड्या, अर्धं शेणखत अर्धी काळी माती, पंधरा दिवसात पालवी फुटली म्हणून मी खूश, मग न राहवून एक उपटून बघितली तर खालचं टोक काळं, बुळबुळीत आणि वास. वरची पालवी काडीत साठलेल्या अन्नावर आली होती, खाली मूळ म्हणून नव्हतंच.

शेणाचा नाद मात्र आपल्याकडे फार जुना. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत झाडांवर एक आख्खा अध्याय आहे, त्यात कांडी लावून वाढवायच्या झाडांची यादी दिलीय आणि कांडीला शेणाचा लेप द्या असं सांगितलंय. लेप हां, खड्डा भरून शेण नाही! त्या यादीत डाळिंब आणि द्राक्ष दोन्ही आहेत, म्हणजे आज नाशिक, सांगली, सोलापूरची बाजारपेठ ज्या पिकांवर चालते तीच.

नंतरच्या काळात आपल्या माळ्यांचा खरा आधार म्हणजे नदीची वाळू, जोडीला पोयटा नाहीतर विटांचा चुरा. कारण काळी माती ओली झाली की फुगते, हवा बंद, आणि सुकली की भेगा, त्यात कोवळं मूळ तुटणारच. वाळूत पाणी थांबत नाही, सडायला त्यात काही नसतं. पण मे महिन्यात दिवसातून दोनदा पाणी घालत बसा, आणि मुळं येतात तीपण लांब, कमी फाट्यांची, कुंडी बदलताना कट्कन मोडणारी.

शास्त्रशुद्ध असं जे काम झालं ते १९३० च्या दशकात. लंडनजवळ मर्टनला जॉन इनिस या बागायती संशोधन संस्थेत प्रिम्युला या फुलझाडाची रोपं मरत होती, तेव्हा प्रत्येक माळ्याची मातीची आपापली गुप्त रेसिपी असायची, कोण काय घालतं पत्ता नाही. लॉरेन्स आणि न्यूवेल या दोघांनी चाचण्या घेत घेत माती वाफेवर निर्जंतुक करायची आणि तिच्यात पीट (दलदलीत साठलेला अर्धवट कुजलेला झाडपाला) आणि वाळू ठरलेल्या प्रमाणात मिसळायची अशी पद्धत बसवली, आणि कृती सगळ्यांना फुकट दिली. म्हणून जॉन इनिस हा ब्रँड नाही, फॉर्म्युला आहे, तिकडे आजही कोणीही बनवून विकतं. त्याच सुमारास, १९३५ मध्ये अमेरिकेत झिमरमन आणि विलकॉक्सन यांनी आयबीए हे संप्रेरक मुळं फोडतं हे दाखवलं, आज आपण काडी बुडवतो त्या रूटिंग पावडरीत बहुतेक वेळा तेच असतं.

मग माती हळूहळू बाहेरच गेली. १९५७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाने बारीक वाळू आणि पीटची मिश्रणं छापली, आणि १९६० च्या दशकात कॉर्नेलच्या बूडली आणि शेल्ड्रेकनी वाळूपण काढून पीटमध्ये परलाइट किंवा व्हर्मिक्युलाइट (तापवून फुगवलेलं अभ्रकासारखं खनिज) घातलं. परलाइट म्हणजे ज्वालामुखीची काच, साधारण ९०० अंशाला तापवली की आतलं पाणी वाफ होऊन ती लाहीसारखी फुलते. (कोरडं ओतताना धूळ नाकात जाते, आधी पाणी मारा.) तोपर्यंत नर्सऱ्यांमध्ये मिस्ट आलेलं, पानांवर दिवसभर बारीक फवारा, आणि वरून सतत पाणी पडतंय म्हटल्यावर खालून ते झटकन जायलाच हवं, नाहीतर सगळं सडतं. त्यामुळे परलाइटचं चांगलंच फावलं.

पीटची अडचण अशी की ते दलदलीत वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर साठतं आणि आपण पोत्यांनी उपसतो. १९८० नंतर युरोपात त्यावरून ओरड सुरू झाली आणि पर्याय शोधताना नजर गेली नारळाच्या सोडणाकडे. तशी ही कल्पना नवी नव्हतीच, व्हिक्टोरियाच्या काळातले इंग्लिश माळी काथ्याचा भुसा वापरायचे, पुढे मागे पडला. इकडे केरळात अलप्पुळाच्या बाजूला काथ्या काढून उरलेल्या भुशाचे डोंगर पडून असायचे, एक किलो काथ्यामागे साधारण दोन किलो भुसा, पाऊस पडला की त्यातून चहासारखं पाणी ओघळणार. तोच कचरा म्हणजे कोकोपीट, दाबून त्याची पाच किलोची वीट झाली आणि हॉलंडच्या गुलाबांखाली जाऊन बसली! आपल्याकडे पॉलिहाऊसवाले आधी त्याकडे वळले, मग रोपवाटिका, मग आपण गॅलरीवाले. आणि मला विचाराल तर त्यात कोकोपीटच्या गुणांइतकाच हात वाळूच्या भावाचा आहे. उपशावर निर्बंध आले, नदीची वाळू महाग झाली, आणि दगड भरडून केलेल्या क्रश सँडमधली बारीक पूड पाणी पडलं की सिमेंटसारखी बसते.

कोकोपीटचा एक मोठा घोळ मात्र दुकानदार सांगत नाही. सोडणं खाऱ्या खाडीत कुजवतात, त्यामुळे भुशात मीठ राहतं, शिवाय त्यात सोडियम-पोटॅशियम मुळातच असतं आणि ते कॅल्शियमची जागा धरून बसलेलं असतं. चांगले उत्पादक तो आधी धुतात आणि मग कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात भिजवतात. स्वस्त विटेत यातलं काही झालेलं असेलच असं नाही. मी वीट भिजवते, पाणी ओतून देते, पुन्हा भिजवते, तपकिरी रंग फिका होईपर्यंत तीन-चारदा, आणि मग मूठभर घेऊन दाबते. बोटांमधून एक-दोन थेंब आले तर ठीक, धार लागली तर अजून निथळू द्यायचं. त्यात निम्मं परलाइट, नसेल तर भाताचं तूस. कुंडीच्या तळाशी खडी घालू नका, सगळे घालतात पण पाणी खडीच्या वरच अडून बसतं आणि काडीचं टोक नेमकं तिथेच असतं.

बोगनवेल आणि कण्हेर मी अजून वाळूतच लावते. पावसाळ्यात कोकोपीटमध्ये त्यांच्या काड्या माझ्याकडे टिकल्याच नाहीत. वाळू कुठून आणता म्हणाल तर शेजारी बिल्डिंगचं काम चालू होतं, वॉचमनकाकांकडून दोन घमेली मागून घेतली, चाळली, धुतली, तीच गेली तीन वर्षं पुन्हा पुन्हा उन्हात वाळवून वापरतेय.