फ्लॉपी डिस्क नियंत्रक चिप

फिरत्या चकतीवरून येणारे चुंबकीय स्पंद आणि संगणकाचा प्रक्रियक यांच्यामध्ये बसून स्पंदांचे बाइट व बाइटांचे स्पंद करणारे संकलित मंडल. वाचन-लेखन करणारे शीर्ष इष्ट ट्रॅकवर (चकतीवरच्या वर्तुळाकार पट्ट्यावर) नेणे, त्यातला हवा तो सेक्टर (पट्ट्याचा तुकडा) शोधणे आणि सीआरसी (चुका पकडणारी तपासणी-संख्या) पडताळणे हीही या चिपचीच कामे. आठ इंची फ्लॉपीच्या काळात यासाठी अनेक सुट्या चिपांनी भरलेले कार्ड लागे.

एका चिपमध्ये मावलेला पहिला नियंत्रक म्हणून बहुधा वेस्टर्न डिजिटलच्या एफडी१७७१चा (सु. १९७६) उल्लेख होतो. चाळीस पायांच्या या चिपला +१२, +५ व −५ असे तीन विद्युत् दाब लागत आणि ती आयबीएमच्या ३७४० या यंत्रणेची एकेरी घनतेची (एफएम) मांडणी लिही. एफएममध्ये प्रत्येक विदाबिटासोबत घड्याळाचा एक स्पंद असतो. सेक्टर कुठे सुरू होतो हे कळावे म्हणून काही खास बाइटांत यांतले ठरावीक स्पंद मुद्दाम गाळतात. सेक्टरच्या मजकुराआधी येणाऱ्या अशा खुणेसाठी १७७१मध्ये एफ८, एफ९, एफए व एफबी (बाइटांची ही मूल्ये षोडशमान पद्धतीतली) असे चार पर्याय होते. आयबीएमने एफबी साध्या सेक्टरला आणि एफ८ ‘खोडलेल्या’ सेक्टरला दिले होते. टीआरएस-८० मॉडेल १ या संगणकाच्या टीआरएसडॉस या कार्यप्रणालीने मात्र सूचीच्या (चकतीवरच्या फायलींच्या यादीच्या) ट्रॅकसाठी एफए निवडले.

पुढे वेस्टर्न डिजिटलचीच दुहेरी घनतेची (एमएफएम) १७९x मालिका आली. तिने −५ व्होल्टची गरज संपवली, पण खुणा दोनच ठेवल्या. वाचताना स्थितिनोंदकातला (चिपची स्थिती दाखवणाऱ्या नोंदकातला) एकच बिट ‘साधा की खोडलेला’ एवढेच सांगे, आणि एफए लिहिण्याची सोय तर उरलीच नाही. त्यामुळे नवी चिप जुनी चकती फिरवी, पण तिची सूची सूची म्हणून ओळखत नसे. नंतरच्या काही डॉसकर्त्यांनी सूचीला एफ८ देऊन मार्ग काढला. मॉडेल १ला दुहेरी घनता देणाऱ्या ‘डबलर’ पट्टीत १७९१ शेजारी १७७१ही कायम ठेवावी लागे, त्यामागे हेही कारण होते. मॉडेल १च्या वाचनदोषांचे खापर अनेकदा चकत्यांवर फुटते. १७७१मधल्या विदा-विलगकाला, म्हणजे घड्याळ व विदा यांचे स्पंद वेगळे करणाऱ्या भागाला, दोष देणे अधिक सयुक्तिक वाटते. बाहेरून विलगक जोडताच तक्रारी कमी होत. २७९x मालिकेत सुधारित विलगक चिपच्या आतच आला. २८ पायांच्या व फक्त ५ व्होल्टवर चालणाऱ्या १७७०पासून मांडणी आणखी आटोपशीर झाली. तिची अधिक चपळ भावंड १७७२ अटारी एसटीत (१९८५) बसली.

एकॉर्न कंपनीच्या बीबीसी मायक्रो संगणकात आधी इंटेलची ८२७१ ही नियंत्रक चिप होती. ती एकेरी घनतेपुरतीच, शिवाय महाग व दुर्मिळ. म्हणून एकॉर्न पुढे १७७०कडे वळली. ८२७१शी थेट बोलून नकलबंदी करणारे काही खेळ या बदलात अडले.

एनईसीच्या µपीडी७६५चा (सु. १९७८, इंटेलची ८२७२ हीच) स्वभाव निराळा. वेस्टर्न डिजिटलच्या चिपा ट्रॅक, सेक्टर यांसाठी स्वतंत्र नोंदक देतात. ७६५मध्ये सारे काही एकाच विदानोंदकातून जाते. वाचनाच्या आज्ञेचे नऊ बाइट ओळीने आत, शेवटी निकालाचे सात बाइट बाहेर. आयबीएम पीसीने (१९८१) ती स्वीकारली. अॅमस्ट्रॅड सीपीसी व स्पेक्ट्रम +३ या संगणकांतही तीच आहे. सेकंदाला २५० किलोबिट वेगाने दर ३२ मायक्रोसेकंदांनी एक बाइट येतो. पीसीत तो डीएमए (प्रक्रियकाला न गुंतवता बाइट थेट स्मृतीत नेणारी सोय) उचले, सीपीसीत झेड८० या प्रक्रियकाला स्वतः उभे राहून टिपावा लागे.

अॅपल II संगणकासाठी स्टीव्ह वॉझ्निअॅकने रचलेल्या डिस्क II कार्डाला (१९७८) ‘नियंत्रक’ म्हणावे का, यावर दुमत संभवते. त्यात आठच चिपा होत्या, आणि नियंत्रक चिप एकही नव्हती; प्रॉममध्ये (एकदाच लिहिता येणाऱ्या स्मृतिचिपमध्ये) लिहिलेले एक अवस्थायंत्र (ठरावीक अवस्थांतून क्रमाने जाणारे मंडल) आणि बाकी भार ६५०२ या प्रक्रियकावर. पुढचा बाइट पूर्ण आल्याची खूण म्हणजे त्याचा सर्वांत वरचा बिट १ होणे; तोवर ६५०२मध्ये दोन आज्ञांचे चक्र फिरत राही. नियंत्रण होत होते हे पाहता ‘चिपविना नियंत्रक’ म्हणणे योग्य. १९८०मध्ये कार्डावरचे प्रॉम बदलून एका ट्रॅकवरचे सेक्टर तेरावरून सोळा झाले, क्षमता ११३.७५ वरून १४० किलोबाइट. ड्राइव्हला हात लावावा लागला नाही. हीच रचना पुढे आयडब्ल्यूएम या एका चिपमध्ये आटली आणि मॅकिंटॉशमध्ये (१९८४) गेली.

कमोडोरच्या १५४१ या ड्राइव्हमध्येच ६५०२ बसवलेला होता; अमिगा संगणकात नियंत्रकाचे काम पॉला चिपकडे होते.